पाणी मारण्याआधीची स्वच्छता

उस्मानाबादी शेळी बीड, लातूर, धाराशिवच्या कोरडवाहू घरांचा आधार. तिच्या मटणाच्या चवीवर आपण भरभरून बोलतो. ते कापताना किती स्वच्छ राहतं, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

निरोगी जनावराचं मांस आतून जवळपास निर्जंतुक असतं. साल्मोनेला, ई. कोलाय हे जिवाणू असतात कातडीवर, खुरांना आणि आतड्यांत. मांसावर ते येतात हातातून आणि सुरीतून. सोलताना खाटीक ज्या हाताने केसाळ कातडी ओढतो, त्याच हाताने उघडं पडलेलं मांस धरतो, तिथेच लागण होते. म्हणून एक हात कातडीचा, दुसरा स्वच्छ, असा नेम हवा. कातडीची कड बाहेर वळवत न्यायची, केस मांसाला टेकू द्यायचे नाहीत. धड जमिनीवर नको, आकड्याला टांगलेलं हवं. अन्ननलिका आणि गुदद्वार बांधूनच आतडी काढायची; आतडं फाटलं तर सगळी मेहनत वाया. सुऱ्या दोन ठेवाव्यात: एक हातात, दुसरी ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात.

कोंबडीचं थोडं वेगळं. पिसं काढायला गरम पाण्यात बुचकळली, की प्रत्येक कोंबडीची विष्ठा त्या पाण्यात उतरते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पिसं कातडीसकट सोलून काढतात, ते एका अर्थी बरंच आहे. पिसांच्या मुळाशी दडलेले कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू बरेचसे कातडीबरोबर जातात. पण पुढे सगळ्या कोंबड्या एकाच बादलीत बुडवल्या, तर एकीचे जिवाणू दुसरीला लागतात.

अमेरिकेतले कारखाने धडांवर पेरॲसिटिक आम्ल फवारतात. युरोपने क्लोरीनने धुतलेली कोंबडी १९९७ पासून बंद केली; शेवटी औषध मारण्यापेक्षा सुरुवातीपासून स्वच्छता पाळा, हा त्यांचा आग्रह. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बीडला हाच मार्ग परवडेल. शिवाय पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उघड्यावर टांगलेल्या मांसावर जिवाणू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. त्या वेगाने चार तासांत एकाचे चार हजारांवर. म्हणून दुकानात फ्रीज ही चैन नाही. नगरपालिकांनी खाटिकांना आकडे, वाहतं पाणी आणि प्रशिक्षण द्यावं. दोष एकट्या खाटिकाच्या माथी मारू नये.

आणि घरी आणलेलं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर, चिरलेल्या कोथिंबिरीवर उडतात. आतपर्यंत नीट शिजवा, कच्च्या चिकनची कापायची फळी आणि सुरी वेगळी ठेवा.