हॅस्केलमधले फ्लॅग: न विचारता दिलेली कोपी-ओ



ऑक्टोबर २०२५ मध्ये फंक्शनल प्रोग्रॅमिंगची आयसीएफपी परिषद सिंगापुरात भरली होती. इथल्या स्टँडर्ड चार्टर्ड बँकेत तर हॅस्केल आणि तिची 'मू' ही बोली बरीच वर्षं वापरात आहे. तेव्हा आपल्यापैकी काहीजणांची कबालच्या फाइलशी गाठ पडतच असणार. त्यातला हमखास चकवणारा भाग म्हणजे फ्लॅग.

कोपीटियाममध्ये नुसतं 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड दुधाची कॉफी येते, 'कोपी-ओ' म्हटलं की बिनदुधाची. फ्लॅगचंही तसंच: पॅकेज एकच, पण अमुक लायब्ररी घ्यायची की वगळायची ते फ्लॅग ठरवतो.

मेख पुढेच आहे. वेगळं काही लिहिलं नाही तर कबालमधला फ्लॅग 'ऑटोमॅटिक' असतो. लायब्ररींची व्हर्जनं जुळली नाहीत, तर सॉल्व्हर न विचारता फ्लॅग उलटा करून बघतो. म्हणजे दूध संपलं म्हणून काकांनी गुपचूप कोपी-ओ पुढे केली!

कधीकधी हे सोयीचंच असतं. २०१४ साली नेटवर्क २.६ मधून नेटवर्क-यूआरआय वेगळं निघालं. तेव्हा अनेक पॅकेजांनी अशाच फ्लॅगवर जुनी आणि नवी, दोन्ही व्यवस्था सांभाळल्या. कुठलीही निवडली तरी वापरणाऱ्याला तेच मिळत होतं.

पण फ्लॅगवर एखादी सोय अवलंबून असेल, समजा एन्क्रिप्शन, तर? तुमच्या लॅपटॉपवर ती असेल, सर्व्हरवरच्या बिल्डमध्ये नसेल, आणि एररही येणार नाही. अशा फ्लॅगला 'मॅन्युअल: ट्रू' लिहाच. मग सॉल्व्हर त्याला हात लावत नाही. जमलं नाही तर बिल्ड सरळ थांबतो. शिवाय आपली निवड कबालच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे सगळीकडे तीच लागू होईल. (स्टॅक स्वतःहून फ्लॅग बदलत नाही.)

आणखी एक. लायब्ररीतलं एखादं मॉड्यूल फ्लॅगवर टांगू नका. दुसरं पॅकेज तुमचं व्हर्जन मागू शकतं, फ्लॅग मागू शकत नाही. तिथे वेगळं पॅकेजच काढावं. पॅनडॉकने २०२३ च्या ३.० मध्ये हेच केलं: लुआ आणि सर्व्हर यांची स्वतंत्र पॅकेजं काढली, आणि ती घ्यायची की नाही याचे फ्लॅग फक्त कमांड लाइन प्रोग्रॅमच्या पॅकेजात ठेवले.

थोडक्यात, मिळणारी वस्तू तीच राहणार असेल तर सॉल्व्हरला ठरवू द्या. बदलणार असेल तर आपण ठरवा.

कुणाचा वेगळा अनुभव असेल तर जरूर लिहा.