ठिपक्यांचा कागद आणि पोलादी जिग

दोस्तांनो, दिवाळीत तुमच्या दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात ना? मग तो भोकांचा कागदही तुम्ही पाहिला असेल. आजीनं कधीतरी एका दुपारी पट्टी घेऊन जाड कागदावर खुणा केल्या आणि पेटत्या उदबत्तीनं एकेक भोक पाडलं. झालं काम! आता दर वर्षी कागद अंगणात ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची आणि कागद अलगद उचलायचा. आईनं ठेवला काय किंवा पहिलीतल्या धाकटीनं ठेवला काय, ठिपके सरळ ओळीतच पडणार.

लोखंडाच्या कामात असाच एक 'कागद' वापरतात. त्याला म्हणतात जिग. तो पोलादाचा असतो, आणि त्याच्या भोकांतून रांगोळी पडत नाही, ड्रिल उतरतं.

आता जरा कन्नडच्या एखाद्या गॅरेजपुढे पाच मिनिटं उभे राहा. मिस्त्री मोटारसायकलचा झिजलेला भाग काढतो, नव्या भागाचं पाकीट फाडतो, तो जागेवर धरतो आणि बोल्ट सारतो. सगळे बोल्ट सरळ आत! तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? विशेष असं, की हा भाग कदाचित साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बनला असेल. तिथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे आणि आजूबाजूला सुटे भाग बनवणारी कितीतरी छोटी वर्कशॉप्स आहेत. किंवा तो पुण्याहूनही आला असेल. ज्यानं भोकं पाडली त्यानं ही गाडी कधी पाहिलेली नाही. तरी भोकं जुळली!

आणि न जुळली तर? मिस्त्री गोल कानस घेणार, भोक घासून मोठं करणार आणि बोल्ट कसाबसा बसवणार. मोठ्या भोकात बोल्टला हलायला जागा मिळते. गाडीच्या हादऱ्यांनी तो हळूहळू सैल होतो. तो भाग ब्रेकचा असेल आणि गाडी औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे निघाली असेल, तर काय होईल ते मी लिहायला नको.

एक पट्टी हातानं बनवून बघू. लांबी १०० मिलिमीटर, त्यात दोन भोकं, भोकांमधलं अंतर ८० मिलिमीटर. आधी पट्टी घासून स्वच्छ करायची आणि तिच्यावर मोरचुदाचं पाणी लावायचं. (हो, बागायतदार फवारणीला वापरतात तोच मोरचूद.) त्यातलं तांबं लोखंडावर चढतं, पट्टी तांबूस दिसते आणि तिच्यावर टोकदार सळईनं ओढलेली रेघ लख्ख उठते. रेघा जिथे छेदतात तिथे पंच ठेवून हातोडीचा एक ठोका. मग ड्रिल.

इथेच गडबड होते. ड्रिलचं टोक आपल्याला सुईसारखं वाटतं, पण नीट पाहिलंत तर अगदी मधोमध एक बारीक आडवी धार दिसेल. ती लोखंडात लगेच घुसत नाही, आधी घसरते. पंचाचा खड्डा तिला थोडंफार धरतो, एवढंच. चांगला फिटर हे सगळं सांभाळून भोक बरोबर पाडतो. पण पाचशे पट्ट्या असतील तर? तीनशेव्या पट्टीला हात तोच असतो, डोळे दमलेले असतात.

म्हणून जिग. त्यात दोन करामती असतात. पहिली, वरच्या जाड पाटीत बसवलेली कडक पोलादाची नळी. तिला बुश म्हणतात. ड्रिल तिच्यातूनच खाली येतं, त्यामुळे घसरायला वावच नाही. पाटीत नुसतं भोक ठेवलं तर ड्रिल तेच खात सुटेल, म्हणून बुश खास कडक केलेला. तरी हजारो वेळा ड्रिल जाऊन तो झिजतोच, मग बदलायचा.

दुसरी करामत मला जास्त आवडते. पट्टी प्रत्येक वेळी नेमक्या त्याच जागी कशी बसवायची? चार पायांचं टेबल फरशीवर डुगडुगतं, पण तिपाई कधी डुगडुगत नाही, कारण तीन पाय नेहमी टेकतातच. म्हणून पट्टीखाली तीन टेकू द्यायचे. लांब कडेला दोन खुंट्या आणि आखूड कडेला एक. तीन, दोन, एक! एवढ्या सहा ठिकाणी टेकली की पट्टीची जागा पक्की ठरली. मग वरून शिकंजा आवळायचा. जास्त टेकू दिले तर उलट डुगडुग सुरू होते.

शिकंज्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. हातात धरलेली पट्टी ड्रिलमध्ये अडकली की ती गरगर फिरते आणि बोटं कापते. त्यामुळे घरी ड्रिल मशीन असेल तर काम हातात धरून भोक कधीही पाडू नका. आईबाबांनो, हे तुम्हालाही लागू आहे बरं का!

पण जिग हा हुशार नसतो. एका जुन्या फिटरकाकांनी सांगितलेली गोष्ट ऐका. पाळी संपताना तीनशे पट्ट्या तयार झाल्या. पट्टीवर पट्टी ठेवून पाहिली, तर सगळ्या तंतोतंत सारख्या. सगळे खूश! दुसऱ्या दिवशी जोडणी करताना मात्र एकही नीट बसेना, प्रत्येक पट्टी शेजारच्या भागाला घासत होती. झालं होतं असं, की आखूड कडेच्या खुंटीपाशी लोखंडाचा कीस चिकटून बसला होता. भोकांमधलं अंतर बरोबर, पण दोन्ही भोकं कडेपासून अर्धा मिलिमीटर सरकलेली. तीनशेच्या तीनशे भंगारात. हातानं केली असती तर पाचदहा चुकली असती. जिगची चूक आपोआप तीनशे वेळा होते. म्हणून काका प्रत्येक पट्टीआधी ब्रशनं कीस झाडायचे आणि पहिली पट्टी मोजल्याशिवाय दुसरी लावायचे नाहीत.

मोजण्यातही एक गंमत आहे. पोलाद तापलं की वाढतं. १०० मिलिमीटरची पट्टी २० अंशांवरून ४० अंशांवर गेली, की साधारण ०.०२३ मिलिमीटर लांब होते. हे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण काटेकोर कामात तेवढंही चालत नाही. म्हणून लांबी मोजण्यासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान ठरवलेलं आहे. वैशाखातल्या कन्नडला ते कुठून मिळणार! त्यासाठी मापं घ्यायच्या खोल्या थंड ठेवतात.

मिलिंगच्या कामाला, म्हणजे फिरत्या कटरनं लोखंड तासायला, जिगचा भाऊ लागतो. त्याचं नाव फिक्श्चर. तो काम घट्ट धरतो, पण कटरला वाट दाखवत नाही. कटर कुठे लावायचा हे समजावं म्हणून त्याच्यावर एक पोलादी ठोकळा असतो. ठोकळा आणि कटर यांच्यामध्ये ठरलेल्या जाडीची पातळ पत्ती सरकवून अंतर जुळवतात.

सारख्या भागांची ही कल्पना बंदुकांच्या कारखान्यांत वाढली. अमेरिकेत एली व्हिटनेनं १७९८ साली दोन वर्षांत १०,००० बंदुका द्यायचा करार केला. शेवटची बंदूक द्यायला १८०९ उजाडलं! त्याचे भाग खरोखर अदलाबदल करण्याजोगे नव्हतेच, असंही पुढे अभ्यासकांना आढळलं. ते जमवलं जॉन हॉलनं, १८२०च्या दशकात, हार्पर्स फेरी इथे.

आता संगणकावर चालणारी यंत्रं आकडे दिले की बरोबर जागी भोक पाडतात, त्यामुळे ड्रिलच्या जिगचं काम कमी झालंय. पण काम धरायला त्यांनाही फिक्श्चर लागतंच. ते बनवणं शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकर हा ट्रेड असतो. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात केंद्र सरकारची इंडो-जर्मन टूल रूमही आहे.

तोवर घरी हे करून बघा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या. त्याला तीन भोकं पाडा, पण मुद्दाम एका बाजूला सरकवून. दोन कडांना पट्ट्या चिकटवा, म्हणजे खालचा कागद तिथे टेकेल. आता पेन्सिलीनं दहा कागदांवर ठिपके द्या आणि कागद एकावर एक ठेवून उजेडात धरा. मग धाकट्या भावाला एक कागद उलटा लावायला सांगा. ठिपके चुकतील. आता सगळ्या कागदांचा एकच कोपरा तिरका कापा आणि पुठ्ठ्यावर त्या कोपऱ्यात तसाच तिरका अडसर चिकटवा. भावाला पुन्हा सांगा, लाव बघू उलटा!