स्वतःचा फाटा काढायचाय? आधी डेबियनची गोष्ट वाचा

आमच्या लोणारहून एक रस्ता मेहकरला जातो, दुसरा मंठ्याला. खुला कोड उचलून स्वतःची आवृत्ती वेगळी चालवणं, म्हणजे 'फोर्क', हाही असाच फाटा. वळणं सोपं असतं, पुढचा रस्ता मात्र आपणच राखायचा.

ओपनएसएसएल ही संकेतलेखनाची लायब्ररी गूगल बरीच वर्षं स्वतःची ठिगळं (पॅच) लावून वापरायचं. ठिगळं सत्तरच्या वर गेली. मूळ कोड बदलला की सगळी पुन्हा शिवायची! अखेर जून २०१४ मध्ये त्यांनी उलटी वाट धरली. 'बोरिंगएसएसएल' हा स्वतःचा कोड ठेवायचा आणि ओपनएसएसएलमधलं हवं तेवढंच त्यात आणायचं. नावातच 'कंटाळवाणं' आहे. सुरक्षेत तेच हवं. त्याआधी एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधलं 'हार्टब्लीड' हे भगदाड उघड झालं होतं, आणि ओपनबीएसडी या कार्यप्रणालीवाल्यांनी लिबरएसएसएलचा फाटा काढून जुना कोड सपासप छाटायला घेतला होता.

पण ठिगळ चुकलं तर? २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ओपनएसएसएल आवृत्तीत, तपासणीच्या साधनाची कुरकुर थांबवायला, दोन ओळी काढल्या गेल्या. गुप्त किल्ल्या ज्यातून बनतात त्या यादृच्छिकतेचा झराच आटला. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. एकेका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या जास्तीत जास्त ३२,७६८ किल्ल्या! हे कळायला मे २००८ उजाडला.

माझं मत: पगारी माणूस रोज मूळ कोडवर नजर ठेवणार नसेल, तर फाटा काढूच नका. ठिगळ मूळ प्रकल्पालाच पाठवा.

मॅक वापरत असाल तर टर्मिनलवर ओपनएसएसएलची आवृत्ती विचारून बघा. उत्तरात बहुधा लिबरएसएसएल, म्हणजे वरचाच एक फाटा, दिसेल.