सारणातल्या पाण्याचा हिशेब

नाताळ जवळ आला की उत्तर इटलीतल्या बोलोन्या आणि मोडेना भागात घरोघरी टॉर्टेलिनी वळायला बसतात. मैदा अंड्यांत भिजवायचा, मोठ्या लाकडी पाटावर लांब लाटण्याने त्याची कागदासारखी पातळ पारी लाटायची आणि तिचे लहान लहान चौकोन कापायचे. प्रत्येक चौकोनावर वाटाण्याएवढं सारण ठेवून तो त्रिकोणी दुमडायचा आणि त्रिकोणाची दोन टोकं बोटाभोवती वळवून चिकटवायची. नाताळच्या जेवणात ही टॉर्टेलिनी मांसाच्या गरम सुपात शिजवून त्या सुपासकट वाढतात. या आकाराची तिथे एक दंतकथा आहे. एका खानावळवाल्याने दाराच्या फटीतून व्हीनस देवीची बेंबी पाहिली आणि तशी पारी वळली म्हणे! कथा काहीही असो, पाककृतीबाबत मात्र बोलोन्याची मंडळी गंभीर आहेत. ७ डिसेंबर १९७४ रोजी त्यांनी सारणाची कृती शहराच्या व्यापारी मंडळात रीतसर नोंदवून ठेवली.

असा भरलेला पास्ता घरी करायचा म्हटलं की बहुतेकांची धास्ती एकच असते, ती म्हणजे उकळत्या पाण्यात तो फुटेल. आपली करंजी तळताना पारीतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि पारी कडक होते. इथे उलट आहे. पारी पाण्यात शिजते, पाणी पिऊन फुगते, तरीही तिने सारण धरून ठेवायचं असतं. हे काम मैद्यातली प्रथिनं करतात. ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन यांना ओलावा मिळाला आणि पीठ मळलं गेलं की ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते. अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, म्हणून वेगळं पाणी घालावं लागत नाही. शिवाय अंड्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन या जाळीला टेकू देतात.

इटालियन घरांत प्रमाण सोपं आहे, १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं. पण अंडं लहान असेल तर पीठ कोरडं राहतं. त्यापेक्षा अंडं फोडून वजन करावं. १०० ग्रॅम मैद्याला ५५ ग्रॅमच्या आसपास बरोबर बसतं. आठ-दहा मिनिटं मळून गोळा झाकून अर्धा तास ठेवायचा. मळताना ताणलेली जाळी या वेळात सैलावते. घाई केली तर लाटलेली पारी पुन्हा आक्रसते.

मधुमेह असणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. पास्त्यातले स्टार्चचे कण प्रथिनांच्या या घट्ट जाळीत अडकलेले असतात. त्यामुळे तशाच मैद्याच्या पावापेक्षा तो सावकाश पचतो आणि रक्तातली साखर हळूहळू चढते. फार शिजवला की हा फायदा कमी होतो. ताटात किती घेतला, हा हिशेब अर्थातच सुटत नाही.

आता सारण. माझी पहिली रॅव्हिओली पालकाने बुडवली. पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. मी तो उकडून हाताने जेमतेम पिळला, वर मीठ घातलं. मिठाने उरलेलं पाणीही बाहेर ओढलं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेली रॅव्हिओली सकाळी ताटलीला घट्ट चिकटून बसली होती, कारण सारणातलं पाणी पारीत उतरून तिचा चिखल झाला होता. तेव्हापासून पालक फडक्यात बांधून पिळते. रिकोटा चीज चाळणीत निथळून घेते. रिकोटा नसेल तर घरचं ताजं, मऊ पनीर कुस्करून चालतं.

मान्तुआ शहरातले लोक लाल भोपळ्याचं सारण करतात. भोपळा उकडण्याऐवजी ते भट्टीत भाजतात, म्हणजे पाणी उडून जातं. उरलासुरला ओलावा बदामाच्या बिस्किटांचा चुरा आणि किसलेलं चीज शोषून घेतं. मला हे सारण बोलोन्याच्या सारणापेक्षा आवडतं आणि आरोग्याच्या दृष्टीनेही बरं वाटतं. बोलोन्याच्या सारणात डुकराच्या मांसाबरोबर खारवलेलं हॅम आणि मोर्तादेल्ला हे सॉसेज असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक गटात टाकलं आहे. वर्षातून एकदा नाताळला खाल्लं तर प्रश्न नाही. आठवड्याचा बेत करायचा असेल तर भोपळा किंवा पालक घ्यावा. चीज खारट असतं, तेव्हा सारणात वेगळं मीठ चवीपुरतंही लागत नाही.

भरताना कडांना सारण लागू द्यायचं नाही, कारण चिजाच्या तेलकटपणामुळे पारी चिकटत नाही. सारणाभोवतीची हवा बोटांनी दाबून काढायची. आत राहिलेली हवा तापून फुगते आणि कड उघडते. बहुतेक वेळा फुटण्याचं कारण हेच असतं. पाणी खदखदत नको, मंद उकळतं हवं. पास्ता वर तरंगला की एक नग कापून आतून गरम झाला आहे का ते पाहावं. पारीत आणि पुष्कळदा सारणातही कच्चं अंडं असतं, त्यामुळे ही तपासणी टाळू नये.

याच कारणाने भरलेला पास्ता ओट्यावर वाळवत ठेवू नये. सुका पास्ता महिनोन्महिने टिकतो तो आत पाणी नसल्यामुळे. इथे ओलं सारण, अंडं आणि चीज असतं. साल्मोनेलासारख्या जिवाणूंना वाढायला याहून चांगली जागा मिळायची नाही. दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवायचा नाही, उन्हाळ्यात एकच तास. लगेच शिजवायचा नसेल तर मैदा भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना न लागेल असा पसरून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि कडक झाल्यावर डब्यात भरावा. पुढे शिजवताना वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात सोडावा आणि दोनेक मिनिटं जास्त द्यावीत.