पुलातले दोन फूट

अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात, विलॅमिट नदीवर 1966 साली मार्क्वम पूल खुला झाला. दोन मजली, पोलादी, महामार्ग वाहून नेणारा. पैसे वाचवायचे म्हणून सरळसोट बांधलेला. तो इतका बेंगरूळ दिसला की शहराच्या कला आयोगाने रीतसर निषेध नोंदवला. पूल पाडता येण्यासारखा नव्हताच, पण निषेध वाया गेला नाही. त्याच नदीवर पुढचा फ्रीमाँट पूल आखताना अधिकाऱ्यांनी कला आयोगाला आधीच बोलावून घेतलं. 1973 साली खुली झालेली ती कमान आजही शहराच्या देखण्या पुलांत मोजली जाते.

त्यानंतर शहराच्या मध्यभागात नदीवर नवा पूल झाला नाही. थेट टिलिकम क्रॉसिंगपर्यंत. त्याची जागा ठरली ती नेमकी मार्क्वमच्या शेजारी, मार्क्वम आणि 1926 च्या रॉस आयलंड पुलाच्या मधोमध. म्हणजे नव्या पुलाचा फोटो काढायचा म्हटला की मागे मार्क्वम आलाच. सल्लामसलतीच्या प्रत्येक बैठकीला हा शेजारी न बोलावता हजर होता, असं म्हटलं तरी चालेल.

पूल हवा होता हलक्या रेल्वेसाठी. शहराची वाहतूक संस्था ट्रायमेट हिला मध्यवस्तीतून नदीपलीकडे मिलवॉकी गावापर्यंत साडेसात मैलांच्या आतबाहेरची नवी मार्गिका टाकायची होती. पुलावरून रेल्वे, ट्राम, बस, रुग्णवाहिका, सायकली आणि पायी चालणारे जाणार. खासगी मोटारी अजिबात नाहीत. मोटारींच्या अमेरिकेत हा निर्णयच मोठा होता. मात्र त्यावर फारशी भांडणं झाली नाहीत. खरी चुरस लागली ती पूल दिसणार कसा यावर.

ट्रायमेटने 2008 मध्ये सल्लागार समिती नेमली आणि अध्यक्षपद दिलं व्हेरा कॅट्झ यांना. ही निवड करणारा माणूस हुशार असला पाहिजे. कॅट्झबाई 1993 ते 2005 अशी बारा वर्षं शहराच्या महापौर होत्या. त्याआधी ओरेगन विधानसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. जन्म जर्मनीतला, ज्यू घरातला. लहानपणी नाझींपासून पळताना पिरेनीज पर्वत पायी ओलांडलेला. वास्तुविशारद, अभियंते, नदीकाठचे उद्योजक आणि सायकलवाले एका टेबलाभोवती बसवायचे, तर अशीच बाई हवी. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं अध्यक्षपद ज्यांनी भूषवलंय त्यांना हे समजावून सांगायला नको.

समितीपुढे संकल्पचित्रं आली. ती काढणारे मिगेल रोसालेस हे बोस्टनचे पूल-वास्तुविशारद. तिथल्या झेकिम पुलामुळे नाव झालेले. एक प्रस्ताव होता लाटेसारख्या वरखाली होणाऱ्या गर्डरचा. दुसरा, केबलने तोललेल्या पुलाचा. मग रोसालेस यांनी आणखी एक चीज पुढे केली: झुलता पूल आणि केबल-तोल पूल यांचं मिश्रण. मनोऱ्याजवळच्या भागाला मनोऱ्यातून तिरप्या निघणाऱ्या केबल धरणार आणि मधल्या भागाला झुलत्या पुलासारखी ओळंबलेली मोठी केबल. मनोरे त्यामुळे बुटके राहतात आणि रेषा मऊ दिसते. समितीला हे मिश्रण मनापासून आवडलं.

आणि इथेच पडद्यामागची गोष्ट सुरू होते. ट्रायमेटने हिशेब मांडला. मिश्र पुलात दोन तऱ्हांचं बांधकाम एकत्र येतं. दोन तऱ्हा म्हणजे दुप्पट गुंतागुंत, जास्त वेळ, जास्त पैसा आणि ठेकेदाराने घ्यायची जास्त जोखीम. मग सॅन फ्रान्सिस्कोचे डोनाल्ड मॅकडोनाल्ड यांना पाचारण झालं. तिथल्या बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागाचे आणि चार्ल्सटनच्या रॅव्हनेल पुलाचे हेच वास्तुविशारद. त्यांनी साध्या केबल-तोल पुलाचाच आराखडा घासूनपुसून आणला आणि अखेर तोच पक्का झाला. लोकांच्या समितीचं मन एकीकडे आणि तिजोरीचं बोट दुसरीकडे, असा तो प्रकार होता. ज्यांचा जीव मिश्र पुलावर जडला होता, त्यांना तो लागला असणार यात शंका नाही.

मॅकडोनाल्ड यांनी मात्र शहराची नस ओळखली होती. पोर्टलँडकर आपल्या शहराची दिशा माउंट हूड या बर्फाच्छादित डोंगरावरून सांगतात. मॅकडोनाल्ड यांनी केबलींचा उतार त्या डोंगराच्या उताराशी जुळता ठेवला. मधला गाळा 780 फुटांचा, तरी मनोरे फक्त 180 फूट उंच. केबली मनोऱ्यात जखडण्याऐवजी मनोऱ्याच्या माथ्यातल्या खोगिरासारख्या बैठकीवरून आरपार नेल्या. मनोरे सडपातळ राहिले ते त्यामुळे. हिशेबातून जन्मलेला पूल आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. माझ्या मते यात मॅकडोनाल्ड यांचं कसब आहे आणि ट्रायमेटचं नशीबही.

नदीवाल्यांचं म्हणणं वेगळंच होतं. पुलाखालून बोटी जायला हव्यात. पश्चिम काठावर, पुलाच्या वरच्या अंगाला झिडेल कंपनीचा बार्ज बांधण्याचा कारखाना होता. तिथे बांधलेलं प्रत्येक बार्ज या पुलाखालूनच पुढे जाणार. पूल उंच करावा तर चढ वाढतो, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, सायकलवर पोरगं बसवून निघालेल्या आईला तो चढ सोसत नाही. ठेंगणा करावा तर नदी अडते. शेवटी पाण्यापासून साधारण 77 फूट मोकळीक ठरली. दोन्ही बाजू थोड्या नाराज राहिल्या. अशा वाटाघाटीत यापेक्षा चांगला निकाल क्वचितच लागतो.

आता ते दोन फूट.

आराखड्यात दोन्ही कडांना पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी 12 फुटी पट्टा होता. कागदावर 12 फूट ऐसपैस वाटतात. पण पोर्टलँडच्या सायकलवाल्यांनी नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या हॉथॉर्न पुलावरची संध्याकाळ रोज अनुभवलेली होती. ऑफिस सुटल्यावर सायकलींची रांग, मधेच जोडीने फिरायला निघालेले आजी-आजोबा, त्यात एखादा धावणारा, आणि मागून सतत घंटी. त्यांनी हरकत घेतली, लावून धरली, आणि पट्टा 14 फुटी झाला. दोन फूट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पुलाची लांबी 1,720 फूट. दोन फूट गुणिले लांबी, गुणिले दोन कडा: कच्च्या हिशेबाने जवळजवळ 6,900 चौरस फूट जास्तीचा पूल. तेवढं वजन केबलींनी पेलायचं, मनोऱ्यांनी पायात उतरवायचं. सहीनिशी मंजूर झालेल्या मनोऱ्यांपेक्षा मला हे दोन फूट जास्त मोलाचे वाटतात. मनोरे कोणी तरी आणखी देखणे काढले असते. रुंदीसाठी मात्र रोज त्या गर्दीत अडकलेला माणूसच बोलायला हवा होता.

नावाचा किस्सा तर आणखी रंगला. सूचना मागवल्या, तर साडेनऊ हजार आल्या. इतिहासकार चेट ऑर्लोफ यांच्या समितीपुढे हा ढीग. लोकांच्या ओठांवर एक नाव होतं कर्क रीव्ह्ज यांचं. हॉथॉर्न पुलाच्या तोंडाशी पांढरा लांब कोट आणि मिकी माउसचे कान घालून ट्रम्पेट वाजवणारा हा कलावंत 2012 मध्ये गेला होता. त्याच्यासाठी मोहीम चालली, भरपूर पाठिंबा मिळाला. तरी 2014 च्या जानेवारीत समितीने चार नावं निवडली, त्यांत तो नव्हता. ओरेगनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या अबिगेल स्कॉट डनिवे होत्या, कॅस्केडिया होतं, माउंट हूडचं आदिवासी नाव वायईस्ट होतं, आणि टिलिकम. चिनूक व्यापारी बोलीतला हा शब्द, अर्थ ‘लोक’. एप्रिलमध्ये तोच ठरला. त्याच नावाचा एक प्रसिद्ध ऑर्का देवमासा नुकताच माहितीपटातून गाजलेला असल्याने काही जणांनी डोळे मिचकावले, ते असो. माझं मत विचाराल तर निवड योग्य होती. शहर वसण्याच्या कितीतरी आधीपासून या नदीकाठी जे राहिले, त्यांच्या बोलीतलं नाव शहराच्या एकाही मोठ्या पुलाला नव्हतं. पण मतं मागवायची आणि सर्वांत लाडकं नाव यादीतच घ्यायचं नाही, हे कर्कच्या चाहत्यांना टोचलं, तर त्यांना दोष देता येत नाही.

दिव्यांवर मात्र कुणाचं दुमत नसावं. ॲना व्हॅलेंटिना मर्च आणि डग हॉलिस या कलावंतांनी 178 एलईडी दिव्यांची रचना केली. सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या नदीतल्या मोजयंत्राकडून आकडे येतात: पाण्याचं तापमान, वेग, पातळी. तापमानावरून रंग ठरतो, वेगावरून तो केबलींवर किती झपाट्याने सरकायचा ते. मर्च 2014 मध्येच गेल्या. 12 सप्टेंबर 2015 ला पूल खुला झाला तेव्हा त्या नव्हत्या.

पैशांची ओढाताण शेवटपर्यंत होती. प्रकल्प जवळजवळ दीड अब्ज डॉलरचा. केंद्राकडून 60 टक्के मिळतील अशी आशा होती, 2010 मध्ये उत्तर आलं 50 टक्के. मग कात्री फिरली. कात्री नेहमी अशाच गोष्टींवर चालते ज्यांचं संकल्पचित्र वर्तमानपत्रात छापून येत नाही. पूर्वेकडे या मार्गिकेला लागूनच मालगाड्यांचे रूळ आहेत. रुळांवरचा एक जुना पादचारी पूल कामासाठी पाडला, त्याच्या बदल्यातला नवा लांबणीवर पडला. परिणाम असा की जगाने वाखाणलेल्या पुलावरून सायकलस्वार झोकात नदी ओलांडायचा आणि थोडं पुढे फाटकाशी रेंगाळणाऱ्या मालगाडीपुढे एक पाय टेकून उभा राहायचा.

मुख्य प्रकल्प अंदाजपत्रकापेक्षा कमी खर्चात संपला, पैसे उरले. रहिवाशांनी पिच्छा सोडलेला नव्हताच. त्या उरलेल्या पैशांतून 2020 मध्ये तो पादचारी पूल, जिने आणि लिफ्टसह, उभा राहिला. कुठल्या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाला त्यासाठी बोलावलं नव्हतं, आणि मालगाडी आडवी आली की आता लोक खालीच थांबत नाहीत, वर चढतात.