लॅपटॉपची निगा, हिशेबाची अमानत

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आमच्या शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावातही अनेक दुकानांत वहीच्या शेजारी लॅपटॉप येऊन बसला. शिलाई मशीनला न चुकता तेल देणारे आपले कारागीर बंधू लॅपटॉपकडे मात्र तो बंद पडेपर्यंत पाहत नाहीत. यंत्र महागाचे आहेच. पण त्यातील हिशेब त्याहून मोलाचा आहे. म्हणून काही व्यवहारी गोष्टी येथे मांडत आहोत.

ओल

शिराळा तालुक्याच्या पश्चिम भागात, चांदोलीच्या बाजूला, पाऊस फार. भिंतींना ओल येते. लॅपटॉप भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नये. लाकडी फळीवर ठेवावा. पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालवल्यास आतील उबेने दमटपणा कमी होतो. पावसातून आणलेला गार लॅपटॉप लगेच सुरू करू नये. आत बाष्प धरले असण्याचा संभव असतो. तासभर तसाच राहू द्यावा.

धूळ आणि उष्णता

लॅपटॉपच्या आत लहान पंखा असतो. तो गरम हवा बाहेर टाकतो. गादीवर, उशीवर किंवा कापडाच्या ठाणावर लॅपटॉप ठेवला की हवेची वाट बंद होते व यंत्र तापते. म्हणून खाली सपाट फळी हवी. शिवणकाम व पिंजणकाम करणाऱ्यांकडे कापसाचे तंतू, सुतारांकडे भुसा, पिठाच्या गिरणीत पीठ पंख्यात अडकते. वेल्डिंग व ग्राइंडिंगच्या जागी तर लॅपटॉप मुळीच उघडू नये. लोखंडाचा कीस आत गेल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते. जाळीवरील धूळ मऊ ब्रशने काढावी. वर्षातून एकदा जाणकाराकडून आतील सफाई करून घ्यावी. पडदा पुसताना लॅपटॉप बंद करावा, मऊ कापड किंचित ओले करून पुसावे. पाणी थेट पडद्यावर शिंपडू नये.

वीज आणि बॅटरी

एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात. अशा वेळी नुसते बटण बंद करून भागत नाही. चार्जरची पिन काढून ठेवावी. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर दुकानाचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून टाकण्याची सवय धोक्याची आहे.

बॅटरीचे दोन शत्रू: उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली अवस्था. दिवसभर चार्जर लावून काम करावे लागत असेल तर अनेक लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती सुरू करावी. दरवेळी शून्यापर्यंत उतरवणेही चांगले नाही. बॅटरी फुगून खालचा भाग वर आलेला दिसल्यास वापर तत्काळ थांबवावा. ती दाबू किंवा टोचू नये, आग लागू शकते.

चहा सांडल्यास

काउंटरवर गिऱ्हाइकासाठी चहा येतोच. तो कळफलकावर सांडल्यास प्रथम प्लगचे बटण बंद करून चार्जर काढावा. मग पॉवरचे बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा, उघडाच पालथा करून पाणी निथळू द्यावे आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा. चालतो का हे पाहण्यासाठी सुरू केला तर नुकसान वाढते. उन्हात किंवा तांदळात ठेवण्याचाही उपयोग होत नाही.

दुसरी प्रत

इतकी काळजी घेऊनही यंत्र एक दिवस बंद पडणारच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये वारणाकाठच्या गावांत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी दुकानातील लॅपटॉप आणि त्याच्याच खणात ठेवलेला पेनड्राइव्ह दोन्ही एकदम जातात. म्हणून दर जुम्याला हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व ती घरी, उंच जागी ठेवावी. आणखी एक प्रत इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच. चोरीचे सॉफ्टवेअर टाकू नये. त्यातून व्हायरस येतो, आणि दुसऱ्याचा हक्कही बुडतो.

जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळायचा असतो. परंतु आपल्यावर त्याहून मोठी जबाबदारी आहे. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश आहे. कोणाची उधारी येणे, कोणाचे देणे, जकातीसाठी मालाची मोजदाद किती, हे सारे आज त्या यंत्रात असते. नोंद गेली तर आपले येणे बुडते, हे नुकसान सोसता येईल. पण दुसऱ्याचे देणे विसरले गेले, तर त्याचा जाब द्यावा लागेल. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो. अमानत विकत मिळत नाही.

तेव्हा बंधूंनो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एवढेच पाहा: आपल्या हिशेबाची दुसरी प्रत दुकानाबाहेर आहे काय? नसेल तर आजच घ्या.