पार्सल बेलापूरलाच जावं म्हणून

कुरियरवाल्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात निदान दोन बेलापूर आहेत. एक नवी मुंबईतलं सीबीडी बेलापूर, पिनकोड ४००६१४. दुसरं आपलं, श्रीरामपूर तालुक्यातलं प्रवराकाठचं, पिनकोड ४१३७१५. भरीस भर म्हणून दौंड–मनमाड मार्गावरचं ‘बेलापूर’ नावाचं रेल्वे स्टेशन आहे श्रीरामपूर शहरात. मुंबईच्या मेव्हण्याने खोक्यावर नुसतं ‘बेलापूर, महाराष्ट्र’ लिहून दिलं, तर ते खोकं खाडीकडे जाणार की प्रवरेकडे, हे छाटणीला बसलेल्या माणसाच्या सवयीवर ठरतं. तिथे बहुतेकांना आधी नवी मुंबईच आठवते.

तरीही लोक पत्त्यात ग्रामदैवतापासून शेजारच्या किराणा दुकानापर्यंत सगळं लिहितात आणि पिनकोड मात्र ‘असला तर बरा’ म्हणून सोडून देतात. पिनकोडची पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी असलेल्या वेलणकरांनी ती आणली, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. त्यामागचं एक कारण हेच होतं : एकाच नावाची अनेक गावं. आज खासगी कुरियर कंपन्यांची छाटणीही याच सहा आकड्यांवर चालते. त्यामुळे २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं म्हणून पार्सलं अडकतात, ही समजूत सोडून द्यावी. जुनं नाव लिहा किंवा नवं, पिनकोड बरोबर असेल तर वाट चुकत नाही. आणि ४१३ हे आकडे सोलापूर-लातूरच्या पिनकोडमध्येही दिसतात म्हणून कुणी ‘हा तर सोलापूरचा नंबर’ असं सांगून तो खोडायला लावला, तर खोडू नका. श्रीरामपूरचाही ४१३७०९ आहे.

आता मुख्य गैरसमजाकडे. ‘मोठ्या नावाची कंपनी घेतली की काळजी मिटली.’ नाव मोठं असतं ते पुणे-मुंबईच्या हबपर्यंत. श्रीरामपूरला किंवा बेलापूरला ज्या दुकानावर त्या कंपनीची पाटी असते, ते पुष्कळदा फ्रँचायझी घेतलेलं स्थानिक दुकान असतं, आणि शेवटचे काही किलोमीटर त्याच्याच माणसावर अवलंबून असतात. दोन पोरं आणि एक मोटारसायकल एवढ्यावर चालणारं दुकान चोख सेवा देऊ शकतं, तसंच चकचकीत पाटीखाली पार्सल चार दिवस पडूनही राहू शकतं. म्हणून पाठवणाऱ्याने बुकिंगच्या वेळी कंपनीची कीर्ती विचारण्याऐवजी एवढंच विचारावं : ‘४१३७१५ला घरपोच देता, की श्रीरामपूरला येऊन न्यावं लागेल?’ काही कंपन्यांच्या यादीत गाव ‘ओडीए’ म्हणजे नेहमीच्या वाटपाबाहेरचं असतं. तिथे जादा आकार लागतो किंवा फोन करून बोलावून घेतात. दोन्हीत गैर काही नाही, पण ते आधी कळायला हवं. माझ्या मते गावासाठी भरवशाची सेवा कोणती, याचं सर्वात खरं उत्तर त्या गावात रोज माल मागवणारा मेडिकलवाला किंवा मोबाइल दुरुस्तीवाला देतो. त्याला जाहिरातीशी देणंघेणं नसतं.

पोस्टाला मात्र लोक उगाच मागे टाकतात. देशातल्या सुमारे एक लाख ६४ हजार टपाल कचेऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. पोस्टाचं पार्सल ३५ किलोपर्यंत जातं, आणि ‘तुमचं गाव आमच्या यादीत नाही’ हे वाक्य तिथे ऐकू येत नाही. किमती वस्तू असेल तर विमा उतरवून पाठवण्याची सोयही आहे. लोकर, पुस्तकं, पापड-कुरडया यांसाठी मी तरी पोस्टच सुचवेन.

सर्वात जास्त पैसे बुडतात ते पुढच्या समजुतीने : ‘हरवलं तर भरून देतील की.’ किती भरून देतील, हे त्या गुलाबी-पिवळ्या पावतीवर आधीच छापलेलं असतं. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला आणि १८६५चा जुना इंग्रजी अमलातला कायदा गेला. या नव्या कायद्याच्या व्याख्येत ट्रान्सपोर्टवाल्यांबरोबर घरपोच सेवा देणाऱ्या कुरियर एजन्सीही स्पष्टपणे येतात. त्याखालच्या २०११च्या नियमांनुसार वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. म्हणजे १५ हजारांची हार्मोनियम ३०० रुपये भाड्यात पाठवली आणि ती फुटली, तर हिशेब तीन हजारांवर थांबू शकतो. जास्त हवं असेल तर किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरावा लागतो. पण आपल्याकडे किंमत कमी लिहिण्याची खोड आहे. ‘कशाला जास्त लिहायचं, लोकांच्या नजरेत येतं,’ म्हणून पाचशे लिहायचं आणि नुकसान झालं की पंधरा हजार मागायचे. हे चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९६चा भारती निटिंग कंपनीचा निकाल याच मुद्द्यावरचा आहे. जर्मनीतल्या ग्राहकाला पाठवलेली कागदपत्रं उशिरा पोचली आणि हंगाम हुकल्यामुळे निर्यातदाराचं मोठं नुकसान झालं. कुरियर कंपनी डीएचएल होती आणि सही केलेल्या अटींत भरपाईची मर्यादा होती १०० डॉलर. न्यायालयाने ती मर्यादा मान्य केली. सही करणाऱ्यावर अटी बंधनकारक असतात, हा त्याचा अर्थ. म्हणून पावतीच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावीत.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमजही आहे. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ म्हणजे ‘जोखीम मालधन्याची’ असा शिक्का असला की ट्रान्सपोर्टवाला ‘आमची काही जबाबदारी नाही’ म्हणून मोकळा होतो आणि लोकही मान हलवून घरी जातात. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नाथ ब्रदर्स एक्झिम प्रकरणात, जिथे गोदामातल्या आगीत माल जळाला होता, सांगितलं की ‘ओनर्स रिस्क’ एवढ्या शब्दांनी वाहतूकदाराची जबाबदारी संपत नाही. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा मालधन्याने सिद्ध करत बसण्याची गरज नसते. शिक्का दाखवून कुणी हात वर केले, तर हा निकाल लक्षात असू द्या.

मोठ्या वस्तूंच्या बाबतीत भाव ऐकून लोक चिडतात. ‘गादीचं वजन आठ किलो, आणि पैसे पन्नास किलोचे लावले!’ ही लूट असेलच असं नाही. हलक्या पण जागा खाणाऱ्या मालासाठी आकारमानाचं वजन धरतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बहुतेक कंपन्यांत त्याला ५०००ने भागायचं. १८० बाय ९० बाय १५ची फोमची गादी याप्रमाणे ४८.६ किलो होते. तीच घट्ट आवळून ९० बाय ४० बाय ४०च्या गुंडाळीत बसवली, तर २८.८ किलो. दोरी आणि दहा मिनिटं, एवढ्यात बराच खर्च वाचतो. भागाकाराचा आकडा कंपनीगणिक बदलतो, तेवढा विचारून घ्यावा.

कपाट, शिलाई मशीन, पाण्याची मोटार असल्या वस्तू कुरियरने पाठवायच्याच नसतात. त्यांना पार्ट लोडचं ट्रान्सपोर्ट किंवा आपला ओळखीचा टेम्पो. ट्रान्सपोर्टमध्ये भाव ऐकताना तो गोदामापर्यंतचा की दारापर्यंतचा, ‘पेड’ (आधी भरलेला) की ‘टू पे’ (माल घेताना भरायचा), हमाली आणि बिल्टीचा आकार त्यात धरला आहे का, हे एका दमात विचारावं. आणि बिल्टीवर नग मोजून लिहून घ्यावेत. ‘घरसामान, एक गाडी’ असं लिहिलेल्या बिल्टीवर मिक्सर हरवला तर दाखवायला काही उरत नाही. लॉकडाउनच्या २०२० साली एसटीनेही ‘महाकार्गो’ नावाने मालवाहतूक सुरू केली, तोही एक पर्याय. रेल्वेने पाठवायचं तर माल स्टेशनपर्यंतच येतो हे धरून चाला, आणि बेलापूर स्टेशनवर तुमच्या गाडीचं पार्सल उतरवून घेतात का, हे आधी विचारा. रेल्वेने मोटारसायकल पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि आरसीची प्रत लागते.

घर हलवताना ‘ई-वे बिल नसेल तर गाडी अडवतील’ अशी भीती घालून काही जण पैसे उकळतात. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. ते मुख्यतः व्यापारी मालासाठी असतं, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांच्या वरच्या मालाला लागतं.

‘फ्रॅजाइल’चा लाल स्टिकर हा गंडा नव्हे. एका हबवरून दुसऱ्या हबवर जाताना खोकं दहा हातांतून आणि पट्ट्यांवरून जातं, कधी वर चार खोकी असतात. खोकं हलवल्यावर आतून आवाज आला तर भराव कमी पडला असं समजावं आणि पुन्हा बांधावं. रोख रक्कम आणि दागिने बहुतेक कुरियर कंपन्यांच्या अटींनुसार निषिद्ध असतात. साडीच्या घडीत लपवून पाठवले आणि गेले, तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

पार्सल उशिरा आलं की इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला दिसेल तो नंबर फिरवणं, ही अलीकडची नवी जोखीम. ठग आपले नंबर तिथे पेरून ठेवतात आणि ‘पत्ता बदलायला पाच रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवतात. नंबर पावतीवरचाच घ्यावा. ‘तुमच्या पार्सलमध्ये ड्रग सापडले, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असा फोन आला तर ठेवून द्यावा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

आणि खोकं फुटलेलं आलं तर? डिलिव्हरीवाल्याला थांबवून फोटो काढा आणि त्याच्या कागदावर सही करण्याआधी ‘खोकं फाटलेलं, आतली वस्तू तपासलेली नाही’ असं लिहा. तोंडी तक्रारीवर थांबू नका. २००७च्या कायद्यात बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस देण्याची अट आहे, आणि ती चुकली तर चांगला दावाही कोसळतो. फोनवरून मदत हवी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कंपनीचं मुख्यालय बंगळुरूत असो वा गुरुग्रामला, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे अहिल्यानगरलाच, दोन वर्षांच्या आत करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर त्या तक्रारीला शुल्क लागत नाही.